भोंपू उजव्या हाताशी

प्रिय भिंगरी,

पास झाले. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू पत्र उलटंसुलटं करून शेवटची ओळ पहिल्यांदा वाचशील, तुझी सवय मला ठाऊक आहे. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही पास. मी आता रीतसर नर्सिंग असिस्टंट आहे. सर्टिफिकेटवर माझं नाव आहे आणि ते तुझ्या दादाने कपाटात त्याच्या स्वेटरखाली दडवून ठेवलंय. का दडवलं ते पुढे येईलच. तू गेले कित्येक दिवस फोनवर निकाल विचारत होतीस आणि मी 'अजून लागला नाही गं' म्हणून टोलवत होते. राग आला असेल तर गिळून टाक. आणि हे वाचून लगेच फोन करू नकोस, आधी पत्र पुरतं वाच. आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळं अण्णांच्या खोलीत ऐकू जातं. त्यांचा डावा हात आणि डावा पाय रुसले असले तरी कान ठणठणीत आहेत.

तुझे आभार मानायचे आहेत, आणि समोर तू ते कधी मानू देणार नाहीस, म्हणून लिहूनच मानते. कापडाचं दुकान बंद पडल्यावर मी घरात नुसती भिरभिरत होते. तेव्हा 'वहिनी, तू हे शिक' असं तूच म्हणालीस. मी हसण्यावारी नेलं. जिने अर्धं आयुष्य तागे उलगडले आणि गुंडाळले, त्या बाईने चाळिशीनंतर वर्गात जाऊन बसायचं म्हणजे काहीतरीच. पण तू ऐकणाऱ्यातली आहेस का? तू वर्ग शोधलास, माझं नाव घातलंस, आणि मला नाही म्हणायला तोंड उरू नये म्हणून पांढरे बूट पाठवून दिलेस. ते बूट एक नंबर मोठे निघाले, हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही. दोन-दोन मोजे घालून वापरले. फरशीवर ते अशी काही करकर करतात की अण्णा म्हणतात, आमच्या सुनेला रिव्हर्सचा बझर बसवलाय. बूट करकरोत नाहीतर आणखी काही करोत, त्यांच्यावर उभी राहून मी शिकले. तू ढकललं नसतंस तर मी अजून खिडकीत बसून समोरच्यांचे कपडे वाळताना बघत राहिले असते.

अण्णांना झटका आला तेव्हाचे दिवस मला तुझ्यापुढे पुन्हा काढायचे नव्हते, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. तू धावत आलीस. दवाखान्यातून घरी आणल्यावर दुसऱ्या सकाळी बाथरूममध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि तू दार ढकलून आत शिरलीस. कुणीही शिरलं असतं. अण्णा खाली बसले होते, शर्ट अर्धा अंगात आणि अर्धा पाण्यात. तू उचलायला हात पुढे केलास आणि ते ओरडले, 'बाहेर हो. परत या घरात पाऊल टाकू नकोस.' तो आवाज आपण कुणीच आधी कधी ऐकला नव्हता. तू दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. तेव्हापासून तुमचं दोघांचं फोनवर हवा कशी आहे आणि गाडी बरी चालते का, एवढंच. एकदा मात्र तू मला म्हणाली होतीस, ज्या माणसाने मला शेजारी बसून गाडी शिकवली त्याने मला रस्त्यात उतरवलं, वहिनी.

तू गेल्यावर आमची गत काही वेगळी नव्हती. अण्णांनी आतून कडी लावायला सुरुवात केली. अर्ध्या गावाला क्लच आणि ब्रेक शिकवणारा माणूस, रोज इस्त्रीचा शर्ट घालून ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसणारा, तोच एक शर्ट आठवडा-आठवडा अंगात ठेवू लागला. उजवा हात बाहीत, डावी बाही रिकामी लोंबतेय. दाढी वाढली. अंगाला वास येऊ लागला, हे मी तुला म्हणून सांगते. तुझा दादा एकदा आंघोळ घालायला गेला तर पाण्याचा मग त्याच्या कपाळावर आला. आम्ही माणूस ठेवला, तो दोन दिवसांत पळाला. रोज कडी वाजली की मी आणि तुझा दादा बाहेर श्वास रोखून उभे असायचो, आता पडतात की मग पडतात.

अशात माझा वर्ग सुरू झाला. आमच्या शिकवणाऱ्या बाई पूर्वी मोठ्या दवाखान्यात हेड नर्स होत्या. आवाज असा की भिंतीवरच्या घड्याळानेही ताठ उभं राहावं. मला वाटलं पहिल्या दिवशी नाडी, ताप, रक्तदाब असलं काही असेल. बाईंनी पहिला दिवस नुसत्या दारावर घालवला. दार उघडं असलं तरी वाजवायचं. आपलं नाव सांगायचं. काय करणार आहोत ते सांगायचं. चालेल का, असं विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. मग पडदा ओढायचा, आणि मग हात लावायचा. सगळं उरकल्यावर खोलीबाहेर पडण्याआधी बोलावण्याची घंटी त्यांच्या चांगल्या हाताशी ठेवायची. बाकी सगळं उत्तम केलं आणि ही घंटी विसरलात तर माझ्या लेखी तुम्ही काहीच केलं नाहीत, असं बाई म्हणाल्या. मी घरी येऊन जेवताना हे सगळं तुझ्या दादाला सांगितलं. अण्णा शेजारी मान खाली घालून जेवत होते. अचानक म्हणाले, 'हे तर आमचंच. आधी सिग्नल, मग वळण.' त्या आठवड्यातलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

घरी सराव करायचा तर पेशंट हवा. तुझा दादा तयार झाला, पण त्याच्या काखेजवळ हात गेला की त्याला गुदगुल्या होतात. मी बाही चढवायला घ्यावी आणि याने खिदळत पलंगावरून घसरावं. अण्णा खुर्चीत बसून हा तमाशा बघत होते. त्यांनी काही दिवस सोसलं. मग एका संध्याकाळी काठी आपटून म्हणाले, 'असला पेशंट असतो का कुठे? अशाने ती जन्मात पास व्हायची नाही. ऊठ तिथून.' तुझा दादा उठला. अण्णा काठी टेकत पलंगापर्यंत गेले, बसले आणि मला म्हणाले, 'बाहेर जा. दार वाजवून ये.'

मी बाहेर गेले. दार वाजवलं. नमस्कार, मी तुमची नर्सिंग असिस्टंट, तुमचा शर्ट बदलायला मदत करायला आलेय, चालेल का? आतून अगदी परक्या माणसाचा आवाज आला, 'या. पण सावकाश हं बाई. माझी डावी बाजू कामातून गेलीये.' भिंगरी, झटका आल्यापासून हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांपुढेसुद्धा ते 'जरा मुंग्या येतात' म्हणून वेळ मारून न्यायचे. आता नाटकातल्या पेशंटचं म्हणून ते सहज बोलून गेले. तुझा दादा तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघून गेला.

कपडे घालण्याचा आमचा एक नियम आहे. काढताना चांगला हात आधी, घालताना अधू हात आधी. अधू हाताला मोकळी बाही मिळते आणि ओढाताण होत नाही. इतकं साधं आहे, पण मला कुणी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं, आणि अण्णा इतके दिवस बरोबर उलटं करून हरत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला तळव्याखालून आधार दिला, बाही वरपर्यंत नेली, मग पाठीमागून शर्ट फिरवून उजवा हात. बटणं त्यांनी स्वतः लावली, मी मुद्दाम लावू दिली. भरलेल्या डाव्या बाहीकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'कॉलर वाकडी आहे. परत घ्या.' मी परत सगळं केलं, पार दार वाजवण्यापासून.

मग हे रोजचंच झालं. अण्णांच्या अंगात नटच संचारला म्हण. एक दिवस बहिरा पेशंट, एक दिवस तक्रारखोर पेशंट, एक दिवस आंघोळ नको म्हणणारा हट्टी पेशंट, आणि तो तर त्यांना मुळीच नाटक न करता जमला. मला अहो-जाहो करतात आणि उलटतपासणी घेतात. पेशंटला चालवताना आम्ही त्याच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधतो, तोल गेला तर धरायला. तो बांधला की म्हणतात, 'सीटबेल्ट लावल्याशिवाय आमची गाडी हलत नाही.' उठवताना मी घाई केली तर म्हणतात, 'क्लच एकदम सोडलात, झटका बसला.' आणि त्यांना थांबायचं असेल तेव्हा म्हणतात, 'ब्रेक.' तो शब्द आला की माझा हात जिथे असेल तिथे थांबला पाहिजे, असा करार आहे. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा ना, तसाच हा. घंटी आमच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी माळ्यावरून तो जुना रबरी भोंपू काढायला लावला, तू लहानपणी कान किटेपर्यंत वाजवायचीस तोच. तो उजव्या हाताशी ठेवला की धडा संपला.

आंघोळीचा धडा आला तेव्हा मी घाबरले होते. अंगभर टॉवेल, जेवढं धुवायचं तेवढंच उघडं, बाकी झाकलेलं, आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगायची. आता पाठ. आता डावा पाय. पाणी कसं वाटतंय? अण्णा डोळे मिटून बसले होते. अर्ध्यात म्हणाले, 'ब्रेक.' मी थांबले. थोड्या वेळाने म्हणाले, 'चालू द्या.' दाढीही करून घेतली. झाल्यावर आरशात बघून म्हणाले, 'बॉडीवर्क बरं झालंय.' मला रडू आलं आणि मी ते साबणावर ढकललं. इतके दिवस एकाच घरात असूनही मी त्यांना आधार देणारी कुणी नव्हते आणि ते माझे कुणी गुरू नव्हते. त्या दिवसापासून आम्ही दोन्ही झालो. या माणसाची मी किती ऋणी आहे ते मला नीट सांगताही येणार नाही.

परीक्षेचं ऐक. प्रात्यक्षिकाला पेशंट म्हणून माझ्याच वर्गातली एक धिप्पाड मुलगी होती, आणि परीक्षक बाईंनी सांगितलं, हिची उजवी बाजू अधू समजा. मी दार वाजवलं, नाव सांगितलं, सगळं बोलत बोलत चालले होते. 'आता तुमचा डावा हात आधी बाहीत घालतेय' असं म्हटलं आणि हात धरलासुद्धा. रोज अण्णांची डावी बाजू, हाताला तीच सवय. पण मोठ्याने बोलल्यामुळे माझं मलाच ऐकू आलं. आमच्यात चूक वेळेवर बोलून दाखवली तर दुरुस्त करता येते. मी म्हटलं, चुकले, दुरुस्त करते, आणि उजवीकडून पुन्हा सुरुवात केली. शेवटी तिच्या चांगल्या हाताशी घंटी ठेवली आणि परीक्षक बाईंकडे बघून ठासून म्हणाले, 'भोंपू हाताशी ठेवलाय.' बाईंनी पेन थांबवून विचारलं, काय ठेवलंय? पलंगावरची मुलगी हसून हसून लोळायला लागली, अधू बाजूसकट. मी म्हटलं, घंटी, घंटी. बाईही हसल्या असाव्यात, पण खाली बघून.

पास झाल्याचं कळलं आणि घरी येताना मी मुद्दाम लांबचा रस्ता धरला. बघ, तुला हेच सांगायचंय. अण्णा सगळं करू देत होते ते माझ्या परीक्षेसाठी. परीक्षा संपली म्हणजे नाटक संपलं. 'झालं ना तुझं काम' म्हणून त्यांनी पुन्हा आतून कडी लावली तर? सर्टिफिकेट हातात असून मी घरातल्याच माणसाला हात लावू शकणार नव्हते. म्हणून मी सांगितलं की निकाल लागायचाय. तुझ्या दादाने ते चिठोरं स्वेटरखाली सारलं आणि आम्ही दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही. तुलाही नाही. सकाळी दार वाजवायचं, अण्णांनी 'या' म्हणायचं, आणि शेवटी 'आज काठावर नापास, उद्या परत' असा शेरा द्यायचा, हे बिनबोभाट चालू राहिलं.

पण झाकून किती दिवस झाकणार. टेकडीजवळच्या वृद्धाश्रमाने मला कामावर बोलावलंय, पुढच्या महिन्यापासून, सकाळची पाळी. बरोबर अण्णांच्या आंघोळीची वेळ. परवा सकाळी मी मनाशी ठरवलं की आज सांगायचंच. शर्ट झाला, भोंपू ठेवला, आणि नियमाप्रमाणे विचारलं, आणखी काही हवंय? अण्णा परक्या आवाजात बोलले नाहीत. आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, 'कामावर कधी जायचंय?' मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणतात, 'अगं, टेस्ट देऊन येणाऱ्यांची तोंडं बघण्यात माझा जन्म गेला. तू दारात बूट काढलेस तेव्हाच कळलं मला.' मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? त्यांनी भोंपू उगाच जरासा सरकवला. म्हणाले, 'लायसन मिळालं की कुणी परत माझ्या शेजारी येऊन बसत नाही. म्हटलं, असू दे अजून थोडे दिवस नापास.'

आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो आणि एकाच भीतीपोटी. मी खाली त्यांच्या पायाशीच बसले. त्यांना म्हटलं, अण्णा, संध्याकाळी आणि सुट्टीला मी आहेच, सकाळचं काय करायचं? तुमचा मुलगा आहे. त्यावर म्हणाले, त्याला वेटिंग लिस्टवर ठेवलंय, त्याचा हात जड आहे, वेळ लागेल. मग खिडकीबाहेर बघत, जणू हवा कशी आहे तेच विचारावं तसं म्हणाले, 'भिंगरीला यातलं काही येतं का?' मी म्हटलं, शिकवलंत तर येईल. 'यायची नाही ती. मी तिला हाकललंय.' मग म्हणाले, 'त्या दिवशी तिने दार वाजवलं नाही गं. आणि मला तिच्यासमोर तसं... तिला म्हणावं, टेस्ट परत देता येते. आमच्या स्कूलमध्ये एकदा नापास झालं म्हणून कुणी घरी बसलेलं नाही.' त्या दिवशी नापास नेमकं कोण झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण बोलताना त्यांनी डावा हात उजव्या हातात घट्ट धरून ठेवला होता.

म्हणून हे पत्र. मी कामावर रुजू होतेय त्या आठवड्यात ये आणि थोडे दिवस राहा, तोवर तुझा दादाही तयार होईल. बूट आणू नकोस. माझे तुला बरोबर होतील. तू ते स्वतःच्या पायावर मापून घेतले होतेस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी नोकरीसाठी माझ्या मापाचे घेतलेत. आल्या आल्या बॅग ठेवायला म्हणून थेट त्यांच्या खोलीत शिरू नकोस. दार उघडंच असेल, आताशा ते कडी लावत नाहीत. तरी वाजव. आतून 'कोण?' असं विचारतील, फार परक्या आवाजात. त्याने खचू नकोस. म्हण, मी नवीन शिकाऊ, तुम्हाला मदत करायला आलेय, चालेल का? आणि मग थांब. उत्तर यायला वेळ लागेल, कदाचित बराच लागेल, पण तू दारातून हलू नकोस. ते 'या' म्हणतील. डावा हात आधी, आणि 'ब्रेक' म्हणाले तर तिथेच थांबायचं. सगळं झाल्यावर भोंपू उजव्या हाताशी ठेव. तू बाहेर पडून चार पावलं जाते न जातेस तोच तो वाजेल, काही कारण नसताना वाजेल. तेव्हा परत जा, आणि दार वाजव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
वहिनी